वाट पाहावी अशा ध्वनिमुद्रिका

एके काळीं संगीताच्या शौकिनाला नवा महिना उजाडल्याची जाणीव दिनदर्शिकेपेक्षां ग्रामोफोन कंपनीच्या यादीवरून अधिक होत असे. दर महिन्याला निघणाऱ्या नव्या तबकड्यांची छापील यादी दुकानांत आली कीं ती चाळण्यासाठीं रसिक जमत. कोणता गवई, कोणता राग, एका बाजूला ख्याल असेल तर दुसऱ्या बाजूला ठुमरी कीं नाट्यपद, यावर दुकानाच्या दारांतच वादविवाद होत. आणि अखेर बऱ्याच विचारानें एखादीच तबकडी कागदांत गुंडाळून घरीं जाई. घरीं तिचें स्वागत पाहुण्यासारखें होई. यंत्राला चावी द्यावयाची, नवी सुई लावावयाची, मुलांना गप्प बसवावयाचें, शेजारच्या रसिकाला हांक मारावयाची, आणि मग सवातीन मिनिटांत सर्व आटोपावयाचें! पुन्हां एकदां लावा, असा आग्रह झाला नाहीं असें घर विरळा.

आज तशी यादी येत नाहीं, आणि आली तरी तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देईल असें नाहीं. गाणें आतां नळाच्या पाण्यासारखें झालें आहे. तोटी फिरवावी आणि हवें तेवढें घ्यावें. या मुबलकतेनें वाट पाहण्याचा आनंद हिरावून घेतला, अशी तक्रार वृद्ध रसिक करतात व तींत तथ्यहि आहे. परंतु हिंदुस्थानी संगीतापुरतें बोलावयाचें तर वाट पाहण्याचे दिवस अजून संपलेले नाहींत. जिवाचे कान करून ऐकाव्या अशा ध्वनिमुद्रिका पुढें यावयाच्या आहेत. त्यांचा विशेष हा कीं त्यांतील गाणें पूर्वींच गाऊन झालेलें आहे. गाणाऱ्यांपैकीं बहुतेक आज हयात नाहींत. त्या रात्रीं समोर बसलेल्यांपैकींहि थोडेच उरले आहेत. उरली आहे ती एक तपकिरी फीत, पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या डब्यांत, कोणाच्या तरी कपाटांत. तिच्यावरचें गाणें रसिकांच्या कानीं पडेपर्यंत ती फीत टिकते कीं नाहीं, एवढाच आतां प्रश्न आहे.

ही परिस्थिति कशी उद्भवली हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. हिंदुस्थानांत गाणें तबकडीवर घेण्यास आरंभ झाला तो १९०२ सालच्या नोव्हेंबरांत, कलकत्त्यास. फ्रेड गैसबर्ग नांवाचा तंत्रज्ञ लंडनहून यंत्रसामग्री घेऊन आला आणि एका हॉटेलांत त्यानें आपलें बस्तान मांडलें. त्या काळची नामांकित गायिका गोहरजान त्याच्या कर्ण्यासमोर गायिली. गाणें संपतांच ती इंग्रजींतून आपलें नांव उच्चारी आणि तो उच्चार आजहि त्या तबकड्यांवर ऐकूं येतो. कारण मुद्रित झालेलें मेण जर्मनींत हॅनोव्हर येथें पाठविलें जाई, आणि तेथील कारागिरांना हें गाणें कोणाचें, तें त्यावरून कळे. तबकडी ज्या लाखेची बनत असे ती लाख मात्र हिंदुस्थानच्याच जंगलांतून परदेशीं जात होती. लाख येथली, गळा येथला, ऐकणाराहि येथलाच. तरी तबकडी सातासमुद्रांपलीकडून यावयाची! १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघाला तेव्हां कोठें हा द्राविडी प्राणायाम थांबला.

विजेचा ध्वनिग्राहक त्या वेळीं नव्हता. गवयानें कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावयाचें, साथीदारांनीं आंखून दिलेल्या जागीं बसावयाचें, आणि मान हलवावयाची नाहीं, हात फेंकावयाचा नाहीं, समेवर कोणाकडे पाहून हंसावयाचें नाहीं. बैठकींत ज्यांना समोरच्या श्रोत्याच्या डोळ्यांतून गाणें सुचत असे, अशा गवयांना ही शिक्षाच होती. १९२५ च्या सुमारास विजेचें मुद्रण आलें व ही कसरत संपली. काळाचें बंधन मात्र तसेंच राहिलें. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटें, बारा इंचीला फार तर साडेचार. ज्याला विलंबित ख्यालाची बढत करावयास एक तास अपुरा पडे, त्यानें अस्ताई, अंतरा, आलाप, बोल आणि ताना हें सारें एवढ्या अवकाशांत उरकावयाचें.

असें असलें तरी या छोट्या तबकड्यांची हेटाळणी करणें हा कृतघ्नपणा होईल. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनीं १९०५ च्या सुमारास कांहीं तबकड्या दिल्या, आणि पुढें जवळजवळ तीस वर्षांनंतर, १९३४ ते १९३६ या काळांत, ओडियन कंपनीसाठीं पुन्हां दिल्या. दोन्ही एकामागून एक ऐकाव्या. पहिल्या तबकड्यांत ऐन तारुण्यांतील गवई घाईंत आहे. कर्ण्याची त्याला अडचण होत आहे. दाखवावयाचें पुष्कळ आणि वेळ थोडा, अशी त्याची तारांबळ आहे. दुसऱ्या काळांतील त्यांची झिंझोटीची ठुमरी किंवा भैरवी ऐकतांना मात्र घड्याळ कोणी बंद केलें कीं काय, असा भास होतो. साठी उलटलेल्या त्या गळ्यानें तीन मिनिटांची मर्यादा ओलांडली नाहीं; ती विसरावयास लावली. १९३७ च्या ऑक्टोबरांत दक्षिणेंत प्रवास करीत असतां खाँसाहेब एका लहानशा रेल्वेस्टेशनावर निवर्तले. या शेवटच्या तबकड्या दोन-तीन वर्षें लांबणीवर पडल्या असत्या, तर महाराष्ट्राला त्यांची आठवण तेवढी उरली असती.

रहिमत खाँ यांची गोष्ट याहूनहि विलक्षण. ग्वाल्हेरचे हद्दू खाँ यांचे ते पुत्र. सर्कशीचे मालक विष्णुपंत छत्रे हे हद्दू खाँचे शिष्य. त्यांनीं रहिमत खाँना आश्रय दिला, आणि पुढें कुरुंदवाडास त्यांचें उत्तरायुष्य गेलें. १९२२ सालीं ते वारले. त्यांच्या थोड्याशाच तबकड्या अखेरच्या काळांत निघाल्या. आवाज थकलेला आहे, मुद्रण कर्ण्याचें आहे, सुईची खरखर तर विचारूंच नये. तरी त्यांतून ज्या हद्दू खाँचें गाणें पुस्तकांतल्या दंतकथेखेरीज कोणाला ठाऊक नाहीं, त्याच्या घरची तान ऐकूं येते. एखाद्या घराण्याचा एवढा जुना पुरावा एवढ्या लहान वस्तूंत क्वचितच सांपडेल.

आणि ज्यांचा असा पुरावा मागें राहिला नाहीं त्यांचें काय? भास्करबुवा बखले यांच्या नांवानें पुण्यांतील संगीताचा इतिहास अर्धा भरलेला आहे. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या त्यांनीं आत्मसात केली, १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाजाची मुहूर्तमेढ रोवली, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य तयार केले, आणि १९२२ सालीं वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं ते निवर्तले. त्यांच्या आवाजाची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. तबकड्यांचा बाजार त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला, त्यांच्या शिष्या तबकड्यांवर गायिल्या. पण खाँसाहेबांनीं आपलें गाणें यंत्राच्या हातीं दिलें नाहीं. आज जयपूर-अत्रौलीची गायकी ऐकावयाची तर ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर यांच्या मुखांतून. झरा कोणता हें ठाऊक आहे, पाणी प्रत्येकानें पुढच्या घाटावर प्यालें आहे. ही उणीव आतां भरून येणारी नाहीं, आणि येणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची वाट पाहतांना तिचें विस्मरणहि होऊं देऊं नये.

कोंडी फुटली ती दीर्घ तबकडीनें आणि चुंबकीय फितीनें. उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची दीर्घ तबकडी १९५५ सालीं अमेरिकेंत निघाली; हिंदुस्थानी रागाला तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांचा ऐसपैस अवकाश मिळाला तो तेव्हां. पुढें भारतांतहि अशा तबकड्या निघूं लागल्या. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना या नव्या अवकाशाचा अर्थ निराळा सांगावयास नको. पण आजच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट फितीचीच. तबकडीसाठीं कंपनी लागते. फितीसाठीं एक हौशी माणूस पुरे. १९५० नंतरच्या दशकांत डॉक्टर, वकील, व्यापारी अशा सधन रसिकांच्या घरीं स्पूलचीं यंत्रें येऊं लागलीं, आणि गिरगांवांतील दिवाणखान्यांत, पुण्यांतील वाड्यांत, कोल्हापूर, धारवाड, इंदूर, नागपूर, गोवें येथील खासगी बैठकींत गवयाच्या पुढें एक ध्वनिग्राहक दिसूं लागला.

या फितींचें गणित साधें होतें. सात इंची स्पूलवर बाराशें फूट फीत बसे. सेकंदाला साडेसात इंच या वेगानें ती ३२ मिनिटें चाले. वेग निम्मा केला तर ६४ मिनिटें. फीत महाग, म्हणून पुष्कळांनीं निम्मा वेगच पत्करला. आवाजाची झळाळी त्यामुळें थोडी कमी झाली, पण ख्याल पुरता सांपडला. मात्र गवई रंगांत आला म्हणजे घड्याळाकडे पाहून गात नाहीं. म्हणून अशा कित्येक फितींत द्रुत बंदिशीची तान वर चढत असतांनाच शेपूट संपल्याची फडफड ऐकूं येते, आणि दुसरी फीत चढवून होईपर्यंत मधलें गाणें वाऱ्यावर गेलेलें असतें. तें गाणें कसें होतें, हें त्या खोलींत बसलेल्यांना माहीत!

खासगी मुद्रणाची किंमत काय, हें दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९५५ सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं ते गेले. भारतांत दीर्घ तबकडीचा काळ यावयाचा होता. त्यांच्या हयातींतील तबकड्या तीन मिनिटांच्या. गोड, निर्दोष, आणि बैठकीच्या मानानें अगदीं त्रोटक. ते आज संपूर्ण राग मांडतांना ऐकावयास मिळतात ते नभोवाणीच्या आणि खासगी मुद्रणांमुळें. तीं मुद्रणें कोणी जपलीं नसतीं तर पलुस्करांची गणना गोड गळ्याचे भजनगायक एवढ्यावरच थांबली असती. त्यांच्या ख्यालाचें अंग, बंदिशीवरची त्यांची निष्ठा, यांची साक्ष द्यावयास कोणी उरलें नसतें.

नभोवाणीचा सांठा हा एक स्वतंत्र विषय आहे. मुंबई केंद्रावरून प्रक्षेपण सुरू झालें १९२७ सालीं. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ पासून चालूं झाला. आरंभींची वर्षें तर थेट प्रक्षेपणाचीं. गाणें हवेंत गेलें आणि हवेंतच विरलें. फीत आल्यावरहि ती स्वस्त नव्हती, आणि एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घेण्याची पद्धत जगांतील पुष्कळ नभोवाणी-संस्थांत होती. तरी जें उरलें तें मोठें आहे. आकाशवाणीनें आपल्या संग्रहांतील निवडक गायन-वादन एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ध्वनिमुद्रिकांच्या रूपानें विक्रीस काढलें; दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीचा संग्रह १९५३ मध्यें तिची स्थापना झाल्यापासून वाढत आला आहे. अशा सांठ्यांतून यावयाच्या ध्वनिमुद्रिकांची वाट पाहण्यास रास्त कारण आहे.

येथें कायद्याचाहि थोडा विचार करणें प्राप्त आहे, कारण पुढील दहा वर्षांत काय हातीं येणार तें बरेचसें त्यावर अवलंबून राहील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रिकेवरील हक्क पूर्वी पन्नास वर्षें टिके. १९९२ च्या दुरुस्तीनें ही मुदत साठ वर्षें झाली. ती मोजावयाची प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून. त्या हिशेबानें १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुद्रिकेचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ रोजीं संपतो. १९६७ सालीं शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही लोकप्रिय तबकडी निघाली. तिच्या मुद्रणाचा हक्क २०२७ अखेर पुरा होतो. म्हणजे प्रत्येक नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं दीर्घ तबकड्यांच्या भरभराटीच्या काळांतलें एकेक वर्ष मोकळें होणार, आणि ज्या तबकड्या कंपन्यांनीं पुन्हां काढण्याची तसदी घेतली नाहीं त्या इतरांना काढतां येतील. मूळ रचनाकाराचा हक्क निराळा असतो हें खरें. पण ख्यालाच्या बहुसंख्य बंदिशी इतक्या जुन्या आहेत कीं तेथें तो प्रश्न सहसा येत नाहीं.

यांत एक मौज आहे. साठ वर्षें मोजावयाचीं तीं प्रसिद्धीपासून. जी फीत कधीं प्रसिद्धच झाली नाहीं, तिच्यापुरतें हें घड्याळ सुरूच होत नाहीं! बाजारांत विकली गेलेली तबकडी कालांतरानें लोकांची होते. कपाटांतली फीत मात्र कपाटवाल्याचीच राहते. शिवाय फीत ज्याच्या मालकीची, गाणें त्याच्या मालकीचें असतेंच असें नाहीं. गवयाच्या वारसांची संमति घ्यावयाची, ते चार ठिकाणीं विखुरलेले. एकाची संमति आणि दुसऱ्याचा नकार. तिसऱ्याचा समज असा कीं या फितीचे लाखों रुपये येणार आहेत. संग्राहकाला उलट भीति वाटते कीं दाखविली तर हातची जाईल. या परस्पर संशयांत दहा-दहा वर्षें सहज निघून जातात, आणि फितीचें वय थांबत नाहीं.

पण वारसांचा नकार प्रत्येक वेळीं लोभाचाच असतो असें समजणें अन्यायाचें होईल. केसरबाई केरकर मुद्रणाच्या बाबतींत अतिशय चोखंदळ होत्या. आपलें गाणें कोठें, कोणासमोर, किती वेळ व्हावें, हें ठरविण्याचा अधिकार गवयाचा आहे अशी त्यांची वृत्ति. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत जी सुवर्णतबकडी पाठविली गेली, तीवर हिंदुस्थानी संगीतांतून एकच गाणें आहे, आणि तें केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. पहिलें व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटलें. १६ सप्टेंबरला बाई मुंबईंत वारल्या. २०१२ सालीं तें यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलें, म्हणजे केरी गांवच्या या कन्येचा आवाज आज पृथ्वीपासून अतिशय दूर पोंचला आहे. ज्या गायिकेनें तासन् तास एकेक राग उलगडला, तिची जगाला ओळख आहे ती एवढ्याशा तुकड्यावरून! तिच्या बैठकींच्या फिती प्रसिद्ध व्हाव्या असें रसिकाला वाटणें स्वाभाविक आहे. पण त्यांतली एखादी बैठक तिच्या नकळत किंवा तिच्या मनाविरुद्ध मुद्रित झालेली असेल तर? त्या रात्रीं आवाज बसला असेल, तबलजीशीं जमलें नसेल, आणि आपलें हें गाणें मागें राहूं नये अशीच तिची इच्छा असेल तर?

याला एकच उत्तर असूं शकत नाहीं. गवयानें स्पष्ट शब्दांत मनाई केली असेल तर ती पाळणें सभ्यपणाचें. मात्र फीत नष्ट होऊं देणें हा त्या मनाईचा अर्थ नव्हे. ती सुरक्षित संग्रहांत राहावी, शिष्यांना व अभ्यासकांना ऐकावयास मिळावी, बाजारांत न आली तरी चालेल. मुंबईचें नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, कलकत्त्याची संगीत रिसर्च अकादमी, १९८२ मध्यें निघालेलें व आज दिल्लीजवळ गुरगांव येथें असलेलें मानववंश-संगीताचें संग्रहालय, अशा जागा याच कामासाठीं आहेत. उलट, गवयानें स्वतः बसून ऐकलेली, दाद दिलेली फीत केवळ घरच्या भांडणानें अडून राहते, तेव्हां तिथें मात्र कोणाच्या इच्छेचा मान राखला जात नाहीं.

आणि वेळ फार नाहीं. फितीवरील जुनें अॅसिटेट बिघडूं लागलें कीं डबा उघडतांच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. फीत आंखडते, कुरकुरते, तुटते. नंतरच्या काळांतील कांहीं फितींवरचा लेप दमट हवेनें चिकट होतो. तशी फीत यंत्रावर लावली तर लेप खरवडून निघतो व त्याबरोबर गाणेंहि. अशा फिती खास भट्टींत पन्नास-पंचावन्न अंशांच्या उष्णतेंत कांहीं तास ठेवून तात्पुरत्या कोरड्या करतात आणि मग एकदांच वाजवून त्यांची नक्कल घेतात. कोंकणपट्टीचा पावसाळा या फितींचा वैरी आहे. बुरशी तर ठरलेलीच. त्यांत भर म्हणजे तीं जुनीं यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर आतां बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत.

नक्कल घेणें हेंहि वाटतें तितकें यांत्रिक काम नाहीं. वेगाचाच प्रश्न घ्यावा. यंत्र शेंकडा सहा जलद चाललें तर सारें गाणें अर्ध्या स्वरानें चढतें. काळी एक पट्टीचा गवई पांढरी दोनमध्यें गातांना ऐकूं येतो, त्याची तान आहे त्याहून चपळ वाटते, आणि आवाजाचें वजन नाहींसें होतें. जुन्या तबकड्यांचा वेगहि प्रत्यक्षांत नेहमीं ७८ फेऱ्यांचाच असे असें नाहीं. जाणते तंत्रज्ञ यावर एक युक्ति करतात. मुद्रणाच्या वेळीं विजेच्या तारांची सेकंदाला ५० कंपनांची बारीक गुणगुण फितींत शिरलेली असते. ती पुन्हां पन्नासावर आणली कीं गवई आपल्या पट्टींत येतो. ज्या दोषाबद्दल तेव्हां यंत्रवाल्यानें बोलणीं खाल्लीं असतील, तोच दोष आज उपयोगी पडतो!

खरखर काढण्याच्या बाबतींत मात्र अलीकडे अतिरेक होऊं लागला आहे. गाणें धुवून इतकें स्वच्छ करावयाचें कीं त्याबरोबर तंबोऱ्याची आंस निघून जावी, आणि गवई एखाद्या कांचेच्या पेटींत गात असल्यासारखा वाटावा, हें कसलें संशोधन? खरखरींतून गाणें ऐकण्याची संवय कानाला दहा मिनिटांत होते. नाहींशा झालेल्या तंबोऱ्याची संवय मात्र होत नाहीं. तसेंच बैठकींतली दाद, मधलें बोलणें, तबला लावण्याची ठोकठोक, हें कापून टाकण्याची घाई कोणी करूं नये. कोणत्या जागेला कोणी आह भरली, यावरूनच त्या काळच्या श्रोत्याचा कान कसा होता तें कळतें.

याहून मोठी उणीव माहितीची. जुन्या तबकड्यांवर सारंगीवाल्याचें, तबलजीचें नांव बहुधा छापीत नसत. रागाचें नांवहि कधीं कधीं चुकलेलें असे. खासगी फितींची अवस्था याहून वाईट. डब्यावर पेन्सिलीनें नुसतें ‘मारवा, डिसेंबर’ एवढेंच लिहिलेलें. गवई आवाजावरून ओळखतां येईल, पण साल कोणतें, घर कोणाचें, पेटीवर कोण, हें सांगणारा त्या रात्रीं हजर असलेला माणूसच हवा. आणि तो माणूस आतां नव्वदीकडे झुकलेला असतो. फीत भट्टींत घालून वांचवितां येते. माणसाच्या स्मरणाला तसा उपाय नाहीं.

संग्राहकांनीं या बाबतींत बरेंच केलें आहे. १९९० सालीं मुंबईंत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनीं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन केली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ नांवाचें पत्र चालविलें. ‘यंग इंडिया’ या नांवानें १९३५ ते १९५५ या काळांत मुंबईच्या एका देशी कंपनीनें ज्या तबकड्या काढल्या, त्या शोधून, त्यांच्या नकला घेऊन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या सहाय्यानें त्या सुरक्षित झाल्या. या तबकड्या बऱ्याचशा चोरबाजारांतून आणि रद्दीवाल्यांकडून आल्या, हें सांगितलें म्हणजे त्या कोणत्या मार्गानें नाहींशा झाल्या असत्या हें निराळें सांगावयास नको.

ज्यांच्या घरीं अशी एखादी फीत असेल त्यांनीं ती कौतुकानें जुन्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळावा. पहिलेंच वाजविणें कदाचित् शेवटचें ठरेल. डबा आडवा न ठेवतां उभा ठेवावा, भिंतीच्या ओलीपासून आणि ध्वनिवर्धकाच्या लोहचुंबकापासून दूर. आणि घरांतलें जें वडील माणूस त्या बैठकीला हजर होतें, त्याच्याजवळ एखाद्या दुपारीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. कोण गायिलें, कोणाच्या घरीं, साथीला कोण होतें, आधीं काय झालें आणि भैरवी झाली कीं नाहीं, जें आठवेल तें लिहून घ्यावें, खालीं तारीख घालावी, आणि तो कागद त्याच डब्यांत ठेवावा.